पुस्तक कपाटात, कॅटलॉगमध्ये शून्य: कॉलेजच्या ओपॅकला मराठी का कळत नाही?

फोनवर एक छोटा प्रयोग करून बघा. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग उघडा. त्याला 'ओपॅक' किंवा 'वेबओपॅक' म्हणतात, आणि कॉलेजच्या वेबसाइटवर 'लायब्ररी' नावाच्या मेनूच्या पोटात कुठेतरी त्याची लिंक असते. (काही कॉलेजांचा ओपॅक फक्त कॅम्पसच्या वाय-फायवर उघडतो. तसं असेल तर उद्या कॉलेजात गेल्यावर करा.) सर्चच्या चौकटीत मराठीत 'बटाट्याची चाळ' टाका. मग तेच इंग्रजी अक्षरांत. 'चाळ'साठी आधी सी-एच-ए-एल लिहा, मग मधे दोन ए घालून बघा, मग ए आणि एलच्या मधे डब्ल्यू घालून बघा.

पु. लं.चं हे पुस्तक नसलेली कॉलेज लायब्ररी महाराष्ट्रात मुश्किलीनेच सापडेल. तरी चारपैकी दोन-तीन वेळा कॅटलॉग तुम्हाला 'नो रिझल्ट्स' म्हणून परत पाठवण्याची दाट शक्यता आहे. माझ्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या ओपॅकवर मी मध्यंतरी अशीच दहा-बारा नावं टाकून पाहिली. इंग्रजी पुस्तकं पटापट येत होती. मराठी पुस्तकांपैकी काही देवनागरीत टाकली तर सापडत होती, काही फक्त रोमनमध्ये, आणि काही दोन्हीत नाही. त्या शेवटच्या गटातली दोन पुस्तकं मी स्वतः कपाटात हात लावून पाहिलेली आहेत.

तुम्ही म्हणाल, हा काय आत्ताच चर्चेला घ्यायचा विषय आहे? मला वाटतं, आत्ताच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याआधी २०२१ पासून एआयसीटीईने इंजिनीअरिंग भारतीय भाषांमधून शिकवायला परवानगी दिली, त्यात मराठीही आहे. एआयसीटीईच्या 'ई-कुंभ' पोर्टलवर मराठीतली तांत्रिक पुस्तकं फुकट ठेवलेली आहेत. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. २०२५ ते २०२७ या ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. एवढ्या घोषणांमध्ये ज्या चौकटीत मुलगा किंवा मुलगी प्रत्यक्षात पुस्तकाचं नाव टाइप करते, तिच्याकडे मात्र कोणी बघत नाही. मराठी ज्ञानभाषा व्हायची तर ती आधी सर्चमध्ये सापडायला हवी ना?

चौकटीमागे काय चालतं

भारतातल्या कॉलेजांमध्ये साधारण तीन नावं वारंवार दिसतात. 'कोहा', 'सोल' आणि 'ई-ग्रंथालय'. सोल गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने बनवलंय, ई-ग्रंथालय एनआयसीने. कोहा मात्र न्यूझीलंडचं. तिथल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते १९९९ मध्ये लिहिलं गेलं आणि २००० च्या जानेवारीत सुरू झालं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हतं, म्हणून ही धडपड. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, आहेर. कोड सगळ्यांसाठी खुला, म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांना परवडतं.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, आतली गोष्ट तीच. प्रत्येक पुस्तकाची एक नोंद असते. त्यात नाव, लेखक, विषय, वर्गांक, दाखल क्रमांक असे रकाने असतात. या रकान्यांमधले शब्द वेगळे काढून सॉफ्टवेअर एक भलीमोठी सूची बांधतं, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. तिला इंडेक्स म्हणतात. तुम्ही शब्द टाकला की तो त्या इंडेक्समध्ये आहे का, एवढंच तपासलं जातं. असला तर पुस्तक आलं. एका अक्षराचा फरक असला तर नाही आलं.

गुगलने आपल्याला लाडावून ठेवलंय. काहीही वेडंवाकडं टाका, 'तुम्हाला हे म्हणायचंय का' म्हणून तो विचारतो. माझं रोजचं काम शॉपिंग ॲपच्या सर्चवरच असतं, त्यामुळे आतून सांगू शकतो. ही काही जादू नसते. 'मोबाइल' आणि 'मोबाईल' एकच धरायचं, 'कव्हर' लिहिणाऱ्यालाही 'केस' दाखवायची, असे हजारो नियम कोणीतरी बसून घातलेले असतात किंवा लोकांच्या क्लिकवरून शिकवलेले असतात. ग्राहकाला वस्तू सापडली नाही तर त्या दिवशीची विक्री बुडते, म्हणून कंपनी त्यासाठी माणसं ठेवते. विद्यार्थ्याला पुस्तक सापडलं नाही तर कोणाच्याच हिशेबात काही बुडत नाही.

चाळीचं स्पेलिंग वॉशिंग्टनहून आलं

आता मूळ भानगडीकडे. मराठी पुस्तकाचं नाव नोंदीत नेमकं कसं लिहिलेलं असतं?

पहिली शक्यता, ग्रंथपालांनी ते रोमन लिपीत, त्यांना सुचेल तसं लिहिलं. मग 'मृत्युंजय' लिहिताना एम-आर नंतर आय की यू, हे लिहिणाऱ्यावर अवलंबून. 'कोसला'मध्ये एस नंतर ए घातला की नाही, हेही. 'ज्ञानेश्वरी'चं तर विचारूच नका. डी-एन-वाय, जे-एन, जी-वाय, तिन्ही पाहायला मिळतात. संगणक यांना तीन वेगळी पुस्तकं समजतो.

दुसरी शक्यता जास्त गमतीची आहे. नोंद हाताने भरण्यापेक्षा दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उचलणं सोपं पडतं. 'झेड ३९.५०' नावाचा एक जुना प्रोटोकॉल आहे, त्यातून एका क्लिकवर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली नोंद तुमच्या कोहामध्ये येते. आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तकं कशाला? तर पीएल-४८० मुळे. आजी-आजोबांना 'पीएल-४८० चा गहू' आठवत असेल. त्या धान्याचे पैसे भारत रुपयांत चुकते करायचा, आणि त्याच रुपयांतून अमेरिकेने १९६२ पासून भारतातली पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली. दिल्लीतल्या त्यांच्या कार्यालयामार्फत मराठी पुस्तकंही गेली, अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये पोचली. आपल्या साहित्याचा चांगला सांभाळ झाला, यात वाद नाही.

पण त्या नोंदी त्यांच्या ठरलेल्या रोमन पद्धतीने लिहिल्या गेल्या. या पद्धतीत 'च' म्हणजे नुसता सी, आणि सी-एच म्हणजे 'छ'. शब्दाच्या शेवटी आपण न उच्चारलेला 'अ'सुद्धा लिहायचा. म्हणून 'चाळ' होते सी-ए-एल-ए, ए वर आडवी रेघ आणि एलखाली टिंब. 'श्यामची आई'मध्ये एच कुठेच नाही. एस-वाय-ए-एम-ए-सी-आय, आणि पुढे ए-आय. 'मृत्युंजय'मध्ये एम नंतर आर आणि थेट टी, मधे ना आय ना यू, आरच्या खाली फक्त एक बारीक वर्तुळ. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत अगदी काटेकोर आहे, देवनागरीचं जवळजवळ प्रत्येक अक्षर तिच्यातून परत मिळवता येतं. फक्त नाशिकच्या किंवा नांदेडच्या एफवायच्या मुलाने फोनवर हे टाइप करावं, ही अपेक्षा तेवढी जरा जास्त आहे.

मग देवनागरीत टाका की!

हेच पहिलं उत्तर सुचतं, आणि ते बरोबरच आहे. आज फोनवर मराठी टाइप करणं सोपं झालंय, बोलूनही होतं. नव्या नोंदी बऱ्याच ठिकाणी देवनागरीत होतायत. पण इथे वेगळाच खड्डा आहे.

पु. लं.चंच दुसरं पुस्तक घेऊ, 'वाऱ्यावरची वरात'. यातला 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एक, युनिकोडमधला नुक्त्याचा 'ऱ' घेऊन: ऱ, पाय मोडायची खूण, आणि य. तीन चिन्हं. दोन, साधा 'र' घेऊन: र, पाय मोडायची खूण, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि य. चार चिन्हं. स्क्रीनवर 'वाऱ्या' आणि 'वार्‍या' अगदी सारखे दिसतात. भिंगातून पाहिलं तरी फरक कळायचा नाही. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत, जसे 'वारा' आणि 'वाडा'. शिवाय घाईत ते अदृश्य चिन्ह राहिलं तर रफार होऊन 'वार्यावरची' असा तिसराच अवतार तयार होतो, आणि जुन्या नोंदींमध्ये तोही भेटतो. तुमचा कीबोर्ड एक प्रकार लिहितो, नोंद करणाऱ्याचा कीबोर्ड दुसरा. निकाल शून्य.

'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी, आणि अनेक कीबोर्डवर अजूनही, 'अ' लिहून त्यावर चंद्र काढतात: 'अॅ'. दिसायला सारखं, आत एकाऐवजी दोन चिन्हं. बरं, युनिकोडमध्ये अशा जुळ्या रूपांना एक करण्याची सोय असते, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. 'ऱ' हा एक तुकडा आणि 'र' अधिक नुक्ता हे दोन तुकडे, यांना ती एक मानते. पण 'ॲ' आणि 'अॅ' यांना ती एक मानत नाही, आणि अदृश्य जोडचिन्हही आपणहून काढून टाकत नाही. म्हणजे नेमक्या मराठीच्या खास गरजेच्या जागी तयार सोय अपुरी पडते. हिंदीला या दोन्ही गोष्टी फारशा लागत नाहीत, त्यामुळे हिंदीवर तपासलेलं सॉफ्टवेअर मराठीलाही चालेल असं गृहीत धरलं की हे असं होतं. 'ॲप्लाइड मेकॅनिक्स' मराठीतून शोधणाऱ्याला पहिल्याच अक्षरावर ठेच.

याच्या भरीला शुद्धलेखन आहेच. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. तेव्हा शेवटची 'ति' ऱ्हस्व होती. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ चे, आणि त्यांनुसार शेवटचा इकार दीर्घ. शाळेत नवे नियम शिकलेली मुलगी 'ययाती' टाकते, नोंदीत मुखपृष्ठावरचं 'ययाति' असतं. दोघांचंही बरोबर आहे! दया पवारांचं 'बलुतं' अनुस्वाराविना लिहिलं की हरवलं, आणि रोमनमध्ये त्या अनुस्वाराचा ए करायचा की एम, यावर पुन्हा दोन मतं.

आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांची एक वेगळीच पिढी आहे. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. त्या काळी स्क्रीनवर मराठी दिसायचं, पण फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. तो डेटा रूपांतर न करता नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला की मुखवटा गळून पडतो आणि उरतो डॉलर, कंस, टक्के यांचा चिवडा. तुमच्या ओपॅकवर असा चिवडा दिसला तर ती बहुतेक एखाद्या चांगल्या मराठी पुस्तकाची नोंद आहे.

शून्याची किंमत कोण मोजतं

इथपर्यंत वाचून वाटेल की थोडा त्रास आहे, काउंटरवर जाऊन विचारलं की झालं. विचारावंच. अनेक ग्रंथपालांना कुठल्या कपाटात काय आहे हे तोंडपाठ असतं, आणि त्या स्मरणशक्तीपुढे माझा कोड काहीच नाही. पण पहिल्या वर्षाला, नव्या शहरात आलेला मुलगा विचारत नाही. त्याने फोनवर शोधलं, 'नो रिझल्ट्स' आलं, त्याने ते खरं मानलं. 'सापडत नाही' आणि 'नाही' यांतला फरक स्क्रीन त्याला सांगत नाही. मग तो टेलिग्रामवर कोणाच्या तरी नोट्सची पीडीएफ शोधतो, किंवा चॅटबॉटला विचारतो. चॅटबॉट कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं लेखकासकट ठोकून देतात. ते तपासायची जागा खरं तर कॅटलॉगच. पण जो कॅटलॉग असलेल्या पुस्तकालाही 'नाही' म्हणतो, त्याच्या 'नाही'वर विसंबायचं कसं?

पुढची पायरी मला जास्त काळजीची वाटते. लायब्ररीत दरवर्षी देवघेवीचा अहवाल निघतो, कुठलं पुस्तक किती वेळा गेलं. वर्षानुवर्षं न गेलेली पुस्तकं आधी मागच्या खोलीत जातात आणि मग निर्लेखनाच्या यादीत, म्हणजे रद्द करायच्या. नवी खरेदी करतानाही हेच आकडे समोर असतात. आता बघा साखळी कशी जुळते. नोंद सापडत नाही, म्हणून पुस्तक जात नाही. पुस्तक जात नाही, म्हणून अहवालात शून्य. अहवालात शून्य, म्हणून 'मुलं मराठी वाचत नाहीत' हा निष्कर्ष. निष्कर्ष निघाला की पुढच्या वर्षी मराठीची खरेदी कमी. सगळ्यांनी आपापलं काम नियमानुसार केलं, आणि कारण होतं एक अदृश्य जोडचिन्ह. मुलं कमी वाचतात हे काही अंशी खरं असेलही. पण सर्च बिघडलेला असताना काढलेला आकडा त्याचा पुरावा होऊ शकत नाही.

मराठीतून इंजिनीअरिंगच्या बाबतीत तर हे थेट पहिल्या सेमिस्टरवर येतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला बलाची आघूर्णं एकदा मराठीतून वाचली की इंग्रजी पुस्तक पुढे झेपतं. त्या दोन आठवड्यांसाठीच तिला ते पुस्तक हवं असतं. ते परीक्षेनंतर सापडून काय उपयोग?

यात पैशांचा मुद्दा आहे का? मला वाटतं, फारसा नाही. ६,००० कोटींच्या त्या योजनेला माझा विरोध नाही, संशोधन करणाऱ्यांना तिची गरज होती. पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांसाठी आहे, आणि आपल्याकडची बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजं खाजगी. शिवाय ती जर्नल्स जवळजवळ सगळी इंग्रजीच. कपाटातल्या, आधीच पैसे मोजून घेतलेल्या मराठी पुस्तकांना सापडण्याजोगं करायला यातला एक रुपयाही लागणार नाही. लागतो तो माणसाचा वेळ, आणि अनेक कॉलेजांत काउंटर, खरेदी आणि डेटा एंट्री असं सगळं एकच माणूस ओढत असतो.

नॅकच्या तपासणीत लायब्ररीबद्दल विचारलं जात आलंय: सॉफ्टवेअरचं नाव काय, आवृत्ती कोणती, ऑटोमेशन पूर्ण की अंशतः, कुठल्या वर्षी झालं. 'बटाट्याची चाळ सापडते का' हा प्रश्न तिथे नाही. असता तर बऱ्याच कॉलेजांनी एका उन्हाळ्यात काम उरकलं असतं.

तोपर्यंत शोधायचं कसं

लेखकाच्या नावाने सुरुवात करा, पण पूर्ण नाव टाकू नका, फक्त आडनाव. पु. ल. देशपांडे हे 'पी. एल.', 'पु. ल.', 'पुरुषोत्तम लक्ष्मण' असे तीन-चार प्रकारे भेटतात, 'देशपांडे' मात्र सगळ्यांत सारखं असतं. सर्चच्या चौकटीशेजारच्या यादीतून 'लेखक' निवडायला विसरू नका, नाहीतर देशपांडे प्रकाशक, देशपांडे संपादक असे सगळे येतील. मग येणाऱ्या यादीत डोळ्यांनी शोधा. दोन मिनिटं जातात, पण स्पेलिंगचा जुगार टळतो.

नावातला सगळ्यात साधा शब्द निवडा. 'वाऱ्यावरची वरात'मधला 'वरात' टाका, पहिला शब्द सोडून द्या. जोडाक्षर, 'ऱ', 'ॲ', 'ज्ञ', शेवटची वेलांटी, अनुस्वार, यांच्या वाटेला जायचंच नाही. रोमनमध्ये शोधताना शब्दाची सुरुवातच लिहून पुढे ताऱ्याची खूण द्या. कोहामध्ये बहुतेक ठिकाणी ती चालते आणि उरलेला शब्द काहीही असला तरी पकडते. अमेरिकी पद्धतीची नोंद असल्याचा संशय असेल तर सी-एच मधला एच काढून बघा. रेघा आणि टिंबं टाकायची गरज सहसा पडत नाही.

माझी आवडती वाट वेगळीच आहे. ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. कादंबरी-कथा ८९१.४६३, नाटक ८९१.४६२, कविता ८९१.४६१. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये 'कॉल नंबर' निवडून हे आकडे इंग्रजी अंकांत टाका. नावाचं स्पेलिंग कितीही बिघडलेलं असो, नंबर बहुधा बरोबर असतो, कारण तो पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला असतो. फॉन्टचा चिवडा झालेल्या नोंदीसुद्धा इथे उघड्या पडतात. विषयाने शोधायचं तर विषय इंग्रजीत टाका. मराठी पुस्तकाचेही विषय-शीर्षक बहुतेक इंग्रजीतच लिहिलेले असतात, हे अनेकांना माहीत नसतं.

आपल्या लायब्ररीत खरंच नसेल तर नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया बघा. ती आयआयटी खरगपूर चालवतं, नोंदणी फुकट आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांचा एकत्र कॅटलॉग इन्फ्लिबनेटच्या 'इंडकॅट'वर आहे.

फायनल इयरवाल्यांसाठी एक प्रोजेक्ट

दरवर्षी महाराष्ट्रातली किती मुलं 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' हे मिनी प्रोजेक्ट सादर करतात, देव जाणे. आमच्या बॅचमध्येच तीन ग्रुप होते. लॉगिन पेज, पुस्तक ॲड करा, पुस्तक डिलीट करा, दंड मोजा, व्हायवा, संपलं. आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर खरीखुरी सिस्टिम मराठी ओळखत नसते.

कोहावर असणाऱ्या कॉलेजांत करण्यासारखं काम बघा. कोहाचं नेहमीचं सर्च इंजिन 'झीब्रा'. ते शब्द तोडायला दोन पद्धती वापरू शकतं: एक जुनी, रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली, आणि दुसरी 'आयसीयू'. (दवाखान्यातलं नव्हे. इंटरनॅशनल कंपोनंट्स फॉर युनिकोड.) रोमनेतर लिपीसाठी दुसरी लागते. पहिली चालू असेल तर देवनागरी नोंदी असूनही नीट सापडत नाहीत. आयसीयूच्या एका छोट्या फाइलमध्ये आपले नियम लिहिता येतात: अदृश्य जोडचिन्ह गाळा, 'अॅ'ला 'ॲ' समजा, दोन्ही 'ऱ्य' एक धरा. हेच नियम इंडेक्स बांधताना आणि शोधताना दोन्हीकडे लागू होतात, मग पूर्ण इंडेक्स एकदा नव्याने बांधायचा. लायब्ररीच्या चालू सर्व्हरवर हात घालू नका. डेटाची प्रत घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर करून दाखवा, ग्रंथपालांना पटलं की मग पुढे.

खरा घाम नोंदींवर गळतो. मार्क नावाच्या ज्या साच्यात नोंद असते त्यात मुख्य नावाचा रकाना २४५, आणि नावाच्या इतर रूपांसाठी २४६. हा दुसरा रकाना मराठी पुस्तकांच्या बाबतीत बहुतेक रिकामाच असतो. २४५ मध्ये देवनागरी आणि २४६ मध्ये दोन-तीन प्रचलित रोमन स्पेलिंगं भरली की 'चाळ' डब्ल्यू घालूनही सापडते. रोमन रूपं प्रोग्रॅमने सुचवता येतील, पण देवनागरी नाव पुस्तक उघडून मुखपृष्ठावरूनच घ्यावं लागेल. रोमन 'ए' पाहून तिथे 'अ' होता की 'आ', 'एल' पाहून 'ल' होता की 'ळ', हे प्रोग्रॅम खात्रीने सांगू शकत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली ती संगणकाशिवाय, आणि १९४४ मध्ये छापून काढली. एका कॉलेजच्या चार-पाच हजार मराठी पुस्तकांची नावं फोनने फोटो काढत तपासायला पाच जणांच्या ग्रुपला एक सेमिस्टर पुरेल.

प्रोजेक्ट करायचा नसेल तरी एक गोष्ट आजही होते. न सापडलेलं पुस्तक कपाटात दिसलं तर आतल्या पानावरचा दाखल क्रमांक आणि मुखपृष्ठ, असे दोन फोटो लायब्ररीच्या ईमेलवर पाठवा. दाखल क्रमांकावरून नोंद लगेच उघडते, त्यामुळे दुरुस्तीला मिनिटभर लागतो. आणि पुस्तक खरोखर नसेल तर कोहामध्ये लॉगिन केल्यावर 'पर्चेस सजेशन' असा पर्याय असतो, कॉलेजने चालू ठेवला असेल तर. तिथे पुस्तकाचं नाव देवनागरीतच भरा, म्हणजे पुढे नोंद करणाऱ्याला ते तसंच उचलता येईल.